दूध बिलाच्या प्रोग्रामच्या नोंदी: नाव कुठपर्यंत चालतं

२८ जून २०२५

बिलाचा प्रोग्राम लिहायला आज सुरुवात केली. आमची दूध संस्था छोटी आहे, संगमनेर तालुक्यातली. ६२ सभासद, दोन वेळचं संकलन, दर दहा दिवसांनी बिल. हिशोब सहा वर्षं मीच लिहिते. गेल्या महिन्यात एक्सेलमध्ये एक ओळ खाली सरकली आणि दोन घरांची बिलं एकमेकांच्या नावावर छापली गेली. वाटप व्हायच्या आधी लक्षात आलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. या रकमेवर लोकांच्या घरात किराणा भरला जातो.

रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकते. मोठ्या दिरांची मुलगी बारावीला आहे, तिला अकरावीत सी प्लस प्लस ही दुसरी भाषा होती. अडलं की तिला विचारते.

पहिली चांगली गोष्ट आजच कळली: २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. व्हेरिएबल म्हणजे आकडा किंवा मजकूर ठेवायचा नावाचा खण, आणि त्यात जे ठेवलं ती त्याची किंमत. एकूण, फॅट, तारीख अशी नावं मी थेट लिहू शकते. आकडे मात्र इंग्रजीच लागतात. फाइलीत ४५ देवनागरीत लिहिलं की प्रोग्राम एरर देतो. पण तेच ४५ कीबोर्डवरून मजकूर म्हणून घेतलं आणि इंट-ला (मजकुराचा आकडा करणारी पायथनची सोय) दिलं, तर तो निमूट ४५ समजतो. नोंदींमध्ये मी आकडे आणि कीवर्ड (पायथनचे राखीव शब्द) देवनागरीत लिहीन, फाइलीत ते इंग्रजीतच आहेत.

३० जून

एक तास फक्त एका नावावर गेला. व्हेरिएबल होतं शेतकऱ्याचे_दूध. स्क्रीनवर अक्षर न् अक्षर बरोबर दिसत होतं, तरी एरर: न दिसणारं अवैध अक्षर, यू+२००डी.

कारण ‘ऱ्य’मध्ये निघालं. हे जोडाक्षर दोन पद्धतींनी टाइप होतं. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. मी ते नाव फोनवरून कॉपी केलं होतं आणि त्यात अदृश्य चिन्ह होतं. पायथनला ते नावात चालत नाही. पहिल्या पद्धतीनं टाइप केल्यावर चाललं. तरी मी नावच बदलून सभासद_दूध केलं. उद्या माझ्या जागी दुसरं कोणी बसलं तर त्याचा तास वाया जायला नको.

३ जुलै

आजची नोंद मोठी होणार.

फंक्शन म्हणजे नाव घेऊन हवं तेव्हा बोलावता येणारा प्रोग्रामचा तुकडा, डेफ लिहिलं की तो सुरू होतो. फॉर म्हणजे यादीतली एकेक नोंद घेत फिरणारा लूप. फाइलीच्या वर एकूण शून्य ठेवलं आणि फंक्शनमध्ये त्यात रक्कम मिळवत गेले:

एकूण = ०
डेफ बिल(नोंदी):
    फॉर नोंद इन नोंदी:
        एकूण = एकूण + रक्कम(नोंद)

चालवलं तर अनबाउंडलोकलएरर. एकूण या लोकल व्हेरिएबलला अजून किंमतच दिलेली नाही, असं म्हणणं. किंमत तर वर पहिल्याच ओळीत आहे! मी तीन वेळा फाइल सेव्ह करून पुन्हा चालवली.

मग लहान करून पाहिलं. तपास नावाचं फंक्शन केलं, त्यात एकच ओळ: प्रिंट(एकूण). शून्य छापलं. म्हणजे बाहेरचं एकूण त्याला आतून दिसतं. आता त्याच फंक्शनमध्ये प्रिंटच्या खाली एक ओळ घातली: एकूण = ५. पुन्हा चालवलं आणि एरर आली, तीही वरच्या प्रिंटच्या ओळीवर, जी दोन मिनिटांपूर्वी नीट चालली होती! खालची ओळ वरच्या ओळीला बाधली.

हे समजायला मला बराच वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहून ठेवते. पायथन फंक्शन चालवण्याआधी ते पूर्ण वाचून घेतो. आत कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत जरी, एखाद्या नावाला किंमत दिलेली दिसली, तरी ते नाव त्या पूर्ण फंक्शनपुरतं घरचं ठरतं. मग पहिल्या ओळीतलं एकूणसुद्धा घरचंच. त्याला त्या क्षणी किंमत मिळालेली नसते आणि बाहेरच्या एकूणकडे तो पाहतच नाही. माझ्या बिलाच्या ओळीत तर दोन्ही एकाच ठिकाणी आहे: उजवीकडचं एकूण वाचायचं, डावीकडच्या एकूणला किंमत द्यायची. डावीकडे आलं म्हणून ते घरचं झालं, आणि घरचं झालं म्हणून उजवीकडे रिकामं.

पुतणीला सांगितलं तर ती म्हणाली, “काकू, आपल्या घरात दादा म्हटलं की माझे बाबा. डेअरीवर दादा म्हटलं की टेम्पोवाले दादा. घरात उभं राहून दादा अशी हाक मारली तर टेम्पोवाले कशाला येतील?” अगदी बरोबर. आणि घरात त्या नावाचं कोणी नसेल तरच हाक बाहेर जाते.

शोधायचा क्रम असा: आधी फंक्शनच्या आत, मग ते फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या पोटात असेल तर त्या बाहेरच्या फंक्शनमध्ये, मग फाइलीच्या पातळीवर, आणि शेवटी पायथनची स्वतःची नावं. घर, वाडा, गाव, तालुका. जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे शोध थांबतो. व्हेरिएबलचा स्कोप म्हणतात तो हाच.

४ जुलै

फंक्शनच्या पहिल्या ओळीत ग्लोबल एकूण लिहिलं, म्हणजे घरचं नको, बाहेरचंच एकूण वापर. एरर गेली, एका सभासदाचं बिल बरोबर आलं. खूप बरं वाटलं.

६ जुलै

आषाढी एकादशी. स्वयंपाक कमी, त्यामुळे दुपार मोकळी मिळाली. सगळ्या सभासदांच्या १ ते ५ तारखेच्या नोंदी भरून घेतल्या.

११ जुलै

१ ते १० चं बिल. रजिस्टरवर हातानं केलंच होतं, प्रोग्राम शेजारी चालवून पाहिला.

पहिला सभासद: २४० लिटर, ३४ रुपये दर, ८,१६० रुपये. रजिस्टरशी जुळलं. दुसऱ्या एक आजी आहेत, एकच गाय, दहा दिवसांत ६८ लिटर. त्यांचे व्हायला हवेत २,३१२. स्क्रीनवर १०,४७२.

८,१६० आणि २,३१२ ची बेरीज १०,४७२. म्हणजे पहिल्याचं बिल आजींच्या बिलात मिसळलं होतं. तिसऱ्यात पहिल्या दोघांचं, आणि बासष्टाव्यात सगळ्या गावाचं.

४ तारखेला मी जे ग्लोबल लिहिलं होतं त्याचंच हे फळ. एकूण बाहेर ठेवलं तर ते सगळ्यांचं मिळून एकच राहतं. एका सभासदाचं काम संपलं म्हणून ते शून्य होत नाही. एका सभासदावर चाचणी घेतल्यामुळे हे दिसलं नाही. यापुढे कोणतीही चाचणी किमान तिघांवर घ्यायची.

दुरुस्ती सोपी निघाली. एकूण = ० ही ओळ फंक्शनच्या आत नेली, ग्लोबल काढून टाकलं, शेवटी रिटर्न एकूण. आता प्रत्येक वेळी बिल बोलावलं की नवं एकूण जन्माला येतं, काम झालं की किंमत बाहेर देतं आणि संपतं. आजींच्या एकूणला आधीच्या माणसाचं एकूण माहीतच नसतं. बिल म्हणजे तरी दुसरं काय? प्रत्येकाचं पान वेगळं. रजिस्टरमध्ये आम्ही हे कायमच करत आलो. प्रोग्राममध्ये पान मांडायची जागा म्हणजे फंक्शन, हे मला आज समजलं.

१२ जुलै

काल रात्री एक बारीक गोष्ट राहिली होती. गोषवाऱ्याच्या खाली बासष्टाव्या सभासदाचा कोड छापला जात होता. पायथनमध्ये फॉरच्या ओळीतलं नाव लूप संपल्यावरही शिल्लक राहतं, त्यात शेवटची किंमत तशीच. पुतणीनं वहीत दाखवलं की सी प्लस प्लसमध्ये महिरपी कंसाच्या आत केलेलं व्हेरिएबल कंस बंद झाला की संपतं, इफ असो की फॉर. पायथनमध्ये इफ आणि फॉरला स्वतःचं घर नाही, फंक्शनला आहे. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेतही व्हार लिहून केलेलं व्हेरिएबल असंच कंसाबाहेर गळायचं, म्हणून २०१५ साली लेट आणि कॉन्स्ट आले. गोषवारा मी वेगळ्या फंक्शनमध्ये टाकला.

१३ जुलै

एसएनएफवर, म्हणजे दुधातल्या फॅटखेरीजच्या घन भागावर, आले. आमच्याकडे फॅट मशीनवर निघतं, लॅक्टोमीटरचं (दुधाची घनता मोजणारी नळी) रीडिंग घेतो आणि सूत्रानं एसएनएफ काढतो: रीडिंग भागिले ४, अधिक ०.२१ गुणिले फॅट, अधिक ०.३६.

रोजच्या पावतीत आणि दहा दिवसांच्या बिलात एका सभासदाचा एसएनएफ जुळेना. रीडिंग २९, फॅट ४.१. पावतीवर ८.५, बिलात ८.४. हातानं केलं: ७.२५, अधिक ०.८६१, अधिक ०.३६, म्हणजे ८.४७१. एका दशांशापर्यंत ८.५. मग बिलाच्या फंक्शनमधलं सूत्र पाहिलं. तिथे मी ०.२१ ऐवजी ०.२० लिहिलं होतं. त्यानं ८.४३ येतं, म्हणजे ८.४. गायीच्या दुधाचा आधार ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ. त्याच्या खाली एक पॉइंट गेला तरी दर कापला जातो. दुधात खोट नव्हती, माझ्या एका अंकानं त्या माणसाचं दूध आधाराच्या खाली गेलं असतं.

एकच आकडा दोन ठिकाणी लिहिला तर कधीतरी तो दोन प्रकारे लिहिला जातो. आता सूत्राचे आकडे फाइलीच्या वर, एकदाच, नाव देऊन. सूत्रही एकाच फंक्शनमध्ये, पावती आणि बिल दोघं त्यालाच विचारतील. वरचा आकडा फंक्शनमध्ये फक्त वाचायचा असल्यामुळे ३ तारखेची एरर इथे येत नाही.

पुतणी म्हणाली, “काकू, कॉन्स्ट लिहा ना, मग कोणी बदलूच शकणार नाही.” सी प्लस प्लसमध्ये तसंच आहे. कॉन्स्टला दुसऱ्यांदा किंमत द्यायला गेलात तर कंपायलर (प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून तयार करणारं साधन) प्रोग्राम पुढे जाऊच देत नाही. पायथनमध्ये हा शब्दच नाही. तिथे रीत अशी की स्थिरांकाचं नाव सगळं कॅपिटल अक्षरांत लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की याला हात लावायचा नाही. २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून फायनल म्हणून खूण करता येते, पण ती तपासणाऱ्या वेगळ्या साधनासाठी. चालणारा प्रोग्राम ती खूण पाहून थांबत नाही.

आणि देवनागरीत कॅपिटल अक्षर कुठून आणायचं? आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर असा भेदच नाही. सगळ्या मार्गदर्शक पानांवर ही रीत ठळकपणे सांगितलेली असते, ती माझ्या फाइलीत लागूच होत नाही. आम्ही दोघी बराच वेळ यावर बोललो. शाळेच्या गणितात चल आणि स्थिरांक हे शब्द आहेत, म्हणून स्थिर_ लावावं असं तिचं मत. मी ठरीव_ घेतलं. ठरीव म्हटलं की कोणीतरी ठरवलंय हे त्यात आलं, आणि मग कोणी ठरवलं, कधी ठरवलं हा प्रश्न आपोआप येतो. तर आता ठरीव_फॅट_गुणक, ठरीव_सूत्र_बेरीज, ठरीव_आधार_फॅट, ठरीव_आधार_एसएनएफ. आणि ठरीव_दर = ३४.

२१ जुलै

ठरीव_दर चुकलं.

१६ तारखेपासून आमचं दूध घेणाऱ्या संघानं दर ३३ केला. मी वरचा आकडा बदलला आणि आज ११ ते २० चं बिल काढलं. २४० लिटरवाल्यांचे ७,९२० आले. रजिस्टरमध्ये ८,०४०. पाच दिवस १२० लिटर ३४ नं, पाच दिवस १२० लिटर ३३ नं, असं व्हायला हवं होतं. प्रोग्रामनं दहाही दिवस ३३ धरले. १२० रुपये कमी.

त्याच वेळी एक जण मागच्या बिलाची प्रत मागायला आले, पावती पावसात भिजली म्हणून. १ ते १० चं बिल पुन्हा छापलं तर तेही ३३ नं. मिळालेली रक्कम वेगळी आणि कागद वेगळा. तो कागद मी त्यांच्या हातात दिला नाही, रजिस्टरवरून हातानं लिहून दिला. असा कागद गावात एकदा फिरला तर संस्थेवरचा विश्वास उडायला वेळ लागत नाही.

दोन तास विचार केल्यावर मला जे दिसलं ते असं. दर स्थिर आहेच, पण कशाच्या आत स्थिर? १ ते १५ जुलैच्या आत ३४ अगदी पक्का आहे, तो आता कोणीही बदलू शकत नाही. १६ पासून ३३ पक्का. मी त्याला पूर्ण फाइलीचा स्थिरांक केलं, म्हणजे त्याला सगळा काळ देऊन टाकला. एकूणच्या वेळी झालं तेच इथे झालं: ज्याची हद्द लहान, त्याला मी मोठ्या जागेत ठेवलं. तिथे एका सभासदाचं एकूण सगळ्या गावाला लागलं, इथे एका पंधरवड्याचा दर सगळ्या वर्षाला लागला. स्कोप आणि स्थिरांक हे दोन वेगळे धडे म्हणून मी शिकत होते. दोन्हीकडे विचारायचं एकच आहे: हे कुठपासून कुठपर्यंत खरं?

सरकारी अनुदानाचंही असंच. २०२४ मध्ये गायीच्या दुधाला जानेवारीत लिटरमागे ५ रुपये लागू झाले आणि ऑक्टोबरपासून ७. ते थेट सभासदाच्या खात्यात जायचं, आमच्या बिलात नाही. पण बिलात असतं तर मी त्यालाही ठरीव_ लावून बसले असते.

दुरुस्ती: ठरीव_दर पुसलं. दरपत्रक नावाची यादी केली, प्रत्येक ओळीत लागू तारीख आणि दर. दर_शोधा हे फंक्शन दुधाची तारीख घेतं आणि त्या दिवशी चालू असलेला दर देतं. यादीत ओळ वाढवायची, जुनी ओळ खोडायची नाही. जुनी प्रत छापली, ८,१६० आले. आजचं बिल ८,०४०.

२४ जुलै

कपातीचा भाग. प्रत्येक बिलातून इमारत निधीचे १० रुपये कापतो. ज्यानं पशुखाद्य उचललं असेल त्याचं पोतंही. निधी सगळ्यांना सारखा, म्हणून ठरीव_कपात हा डिक्शनरी (नाव आणि रक्कम अशा जोड्यांची वही) वर ठेवला. फंक्शनमध्ये कपात = ठरीव_कपात अशी ओळ आणि मग त्या सभासदाचं पोतं कपातमध्ये टाकलं.

सातव्या सभासदानं १,६५० चं पोतं नेलं होतं. त्याच्यानंतरच्या पंचावन्न जणांच्या बिलात १,६५० ची कपात आली, ज्यांच्या गोठ्यात पोतं गेलंच नव्हतं त्यांच्याही. चौतिसाव्या सभासदाचं दूध थोडंच. त्यांचं बिल हजाराच्या खाली गेलेलं पाहून मी थांबले.

या वेळी ग्लोबल लिहिलं नव्हतं, एररही आली नाही. कपात हे नाव घरचंच होतं. पण नाव घरचं असलं तरी ते ज्या वहीकडे बोट दाखवत होतं ती वही बाहेरची. बरोबरच्या चिन्हानं वहीची नक्कल होत नाही, त्याच वहीला दुसरं नाव मिळतं. मी घरच्या नावानं त्या एकाच वहीत लिहिलं आणि ते सगळ्यांना दिसलं. पुतणीनं पाहून सांगितलं की जावास्क्रिप्टच्या कॉन्स्टलाही हे थांबवता येत नाही. नाव दुसरीकडे वळवता येत नाही, पण आतल्या यादीत भर घालता येते.

दोन बदल केले. फंक्शनमध्ये कपात = ठरीव_कपात.कॉपी(), म्हणजे प्रत्येक सभासदाला निधीची स्वतंत्र नक्कल. आणि वरचा डिक्शनरी मॅपिंगप्रॉक्सीटाइपमध्ये गुंडाळला. त्यातून वाचता येतं, पण लिहायला गेलं की टाइपएरर. मुद्दाम जुनी ओळ चालवून पाहिली. एरर आली आणि प्रोग्राम तिथेच थांबला. पायथनमध्ये इतकं कडक कुलूप मिळेल असं वाटलं नव्हतं.

२७ जुलै

थोडंसंच काम. मराठी नावांचा एक फायदा लक्षात आला. मी शिकताना इंग्रजी नावं वापरायचे तेव्हा बेरजेच्या व्हेरिएबलला सम नाव दिलं होतं, आणि पुढे पायथनचं स्वतःचं सम फंक्शन चालेना, कारण माझ्या नावानं ते झाकलं गेलं. बेरीज लिहिलं की असं काही होत नाही. तालुक्यात, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या नावांत, बेरीज नावाचं कोणी नाहीच.

१ ऑगस्ट

२१ ते ३१ चं बिल, अकरा दिवसांचं. ६२ पैकी ५९ जुळली, तिघांच्यात एका पैशाचा फरक. तो दशांशाच्या गोळाबेरजेचा आहे, पुढच्या आठवड्यात बघते.

चेअरमन आप्पा संध्याकाळी टेम्पो गेल्यावर थांबले. फाइल उघडून दाखव म्हणाले. त्यांना प्रोग्रामिंगमधलं काही येत नाही, पण नावं मराठीत असल्यामुळे ते चष्मा लावून ठरीव_ च्या ओळी एकेक करून मोठ्यानं वाचत गेले. आधार फॅट ३.५, हो. आधार एसएनएफ ८.५, हो. सूत्राचे आकडे संघाच्या तक्त्याशी ताडून पाहिले. इमारत निधी १० वर आले आणि बोट तिथेच ठेवलं.

“हे कुणी ठरीव केलं? निधी सर्वसाधारण सभेत ठरतो. सप्टेंबरात सभा आहे, पंधरा करायचा विषय आहे.”

रात्री इमारत निधीची ओळ तिथून काढली, दरपत्रकासारखीच लागू तारीख घालून वेगळ्या यादीत नेली आणि तीन सभासदांवर चालवून पाहिली.